वाकडं फेक की

हुदलीकरकाकांच्या हातात कुठलीही वस्तू देता येत नसे. ती त्यांच्याकडे फेकावी लागे, आणि तीही वाकडी.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दोमलूरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शेट्टींच्या किराणा दुकानात. साठी उलटलेले, काटकुळे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि डोक्यावर, ऊन असो वा नसो, क्रिकेटच्या पंचाची असते तशी पांढरी टोपी. शेट्टींनी साबणाची वडी पुढे केली तसे हे दोन पावलं मागे सरकले, गुडघ्यात किंचित वाकले आणि कानडीत म्हणाले, फेक. शेट्टींनी फेकली. काकांनी झेलली, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. वडी त्यांनी परत शेट्टींपुढे ठेवली. मग शेट्टींनी सवयीने तोंड डाळीच्या पोत्यांकडे फिरवलं आणि न बघताच ती भलतीकडे भिरकावली. उदबत्तीच्या पुड्यांवर ती आदळणार, एवढ्यात काकांचा डावा हात कुठूनसा आला आणि वडी त्यात जाऊन बसली. काकांनी ती पिशवीत टाकली, टोपी सारखी केली आणि ते निघून गेले.

मी शेट्टींकडे बघून कानशिलाशी बोट फिरवलं. शेट्टी हसले नाहीत. "ओळ्ळे मनुष्य," एवढंच म्हणाले. म्हणजे भला माणूस. मी बंगळूरला नवा होतो, पण माझं कानडी तेवढं झालं होतं.

पुढे कळलं की सगळ्या गल्लीलाच ही सवय लागलेली आहे. दूधवाला त्यांच्या फाटकाशी आला की सायकलवरूनच पिशवी हवेत सोडायचा, आणि ती कधी फुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भाजीवाल्या अक्का त्यांना वांगी एकेक करून मारायच्या, आणि तसं करताना त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभराचा राग निघाल्याचं समाधान दिसायचं. पोस्टमन पत्र गोल गुंडाळून फेकायचा. कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळातल्या भटजींनी मात्र प्रसाद फेकायला साफ नकार दिला होता. त्यामुळे काका देवाला बाहेरूनच नमस्कार करत.

आता थोडं माझ्याबद्दल. मी पुण्याहून हॉटेलाचं शिक्षण घेऊन आलो होतो आणि चर्च स्ट्रीटच्या मागच्या एका पबमध्ये बारटेंडर होतो. घरी मी फक्त "हॉटेलात आहे" एवढंच कळवलं होतं. बाकीचं आमच्या आईने केलं. सोसायटीतल्या बायकांना सांगताना तिने मला परस्पर मॅनेजर करून टाकला. बंगळूरात तेव्हा पबांचं पेव फुटलं होतं. दर महिन्याला एक नवा उघडायचा आणि आमची थोडी गर्दी घेऊन जायचा. शेवटी आमचे मालक एके दिवशी काउंटरवर हात ठेवून म्हणाले की हा काउंटर काढतो आणि इथे चायनीजची भट्टी लावतो. आम्ही तिघं काउंटरवर होतो. मी, मंड्याचा मंजुनाथ आणि मंगळूरचा रॉनी. मंजूचं लग्न ठरलेलं, रॉनीला सोया सॉसचा वास सहन होत नसे आणि मला दुसरं काही येत नव्हतं. आम्ही इतके दीनवाणे दिसलो असू की मालकांनी एक वाट ठेवली. शहरातल्या पबांमधल्या बारटेंडरांची स्पर्धा जाहीर झाली होती. त्यात कप आणा, काउंटर राहील. नाही तर नवीन वर्षापासून तुम्ही तिघं नूडल्स वाढा.

स्पर्धा फ्लेअरची होती. फ्लेअर म्हणजे पेय बनवायचं, पण सरळ बनवायचं नाही. बाटल्या हवेत उडवायच्या, पाठीमागून झेलायच्या, शेकर, म्हणजे पेय हलवायचा डबा, खांद्यावरून घरंगळत आणायचा, आणि हे सगळं गाण्याच्या तालावर, चेहरा हसरा ठेवून. त्यातून ही सांघिक स्पर्धा. एकाने उडवलेली बाटली दुसऱ्याने झेलायची, त्याने तिसऱ्याकडे द्यायची, आणि शेवटी ग्लासात काहीतरी पडायलाही हवं. रॉनीच्या दुबईतल्या चुलतभावाने एक कॅसेट पाठवली होती. तीत दोन गोरे लोक हे सगळं करत होते आणि बघताना फार सोपं वाटत होतं.

पबमध्ये सराव करायला मालकांनी बंदी केली, कारण पहिल्याच दिवशी आम्ही मागचा आरसा फोडला. मग माझ्या खोलीशेजारी एक मोकळी साइट, म्हणजे रिकामा प्लॉट होता, तिथे सकाळी जमायचं ठरलं. रिकाम्या बाटल्यांत थोडं पाणी भरायचं आणि उडवायच्या. मंजू अंगाने पैलवान. त्याच्या हातून बाटली सुटली की ती आधी विमानतळाच्या दिशेने जायची आणि मग विचार करून खाली यायची. पहिल्याच सकाळी त्याने माझ्याकडे म्हणून फेकलेली बाटली माझ्या डोक्यावरून मागच्या दगडांवर फुटली. मी मराठीत, रॉनीने कोकणीत आणि मग दोघांनी मिळून हिंदीत त्याची हजेरी घेतली. मंजू मान खाली घालून उभा होता.

तेव्हा समोरच्या घराचं फाटक वाजलं आणि पांढरी टोपी रस्ता ओलांडून आली. काचा बघून चिडले असणार म्हणून मी आधीच सॉरी म्हणालो. काकांनी काचांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पुण्याचा ना रे तू? तुझी चूक आहे," ते मला म्हणाले.

"माझी? अहो काका, त्याने फेकली कुठे बघा."

"फेकणाऱ्याची चूक कधीच नसते. झेलणारा कशाला ठेवलाय मग?"

मी पुण्याचा असल्यामुळे वाद घालणं ओघानेच आलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मंजूच्या हातात दुसरी बाटली दिली, त्याला पाठमोरा उभा केला आणि कानडीत सांगितलं, मनाला येईल तिकडे टाक. मंजूने टाकली. ती कुठे जाणार ते मंजूलाही माहीत नव्हतं. काका दोन पावलं आडवे धावले, तोल गेल्यासारखे वाकले आणि बाटली जमिनीपासून वीतभर वर असताना त्यांनी मानेशी धरली. पाण्याचा थेंब सांडला नाही. रॉनीच्या तोंडून शिट्टी निघाली, आणि आमची शिकवणी सुरू झाली.

काका बेळगावचे. तरुणपणी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कारखान्याच्या क्रिकेट संघात ते यष्टीरक्षक होते. त्यांच्या हाताची बोटं बघितली तर हे सांगायची गरज पडत नसे. प्रत्येक बोट वेगळ्या दिशेला बघायचं. संघात नागप्पा म्हणून एक जलद गोलंदाज होता, आणि त्याचा चेंडू कुठे जाईल हे परमेश्वरालाही ठाऊक नसे. आधीच्या यष्टीरक्षकांनी नागप्पाला शिव्या घालून घालून सरळ टाकायला लावलं, आणि सरळ टाकायला लागल्यावर कुणीही येऊन त्याला ठोकायचं. काकांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं की तू हवं तिकडे टाक, मागे मी आहे. एवढ्यावर त्या वर्षी कारखान्याने म्हणे मोठमोठे संघ आडवे केले. आपल्या कारकिर्दीबद्दल ते याहून जास्त कधी बोलले नाहीत. नागप्पाबद्दल मात्र पुष्कळ बोलायचे.

शिकवणीच्या अटी होत्या. काकांच्या घराण्यात कुणी दारूला शिवलं नव्हतं. बाटल्या आम्ही चिंचेच्या पाण्याने धुऊन आणायच्या, काका एकेक बाटली नाकाशी धरणार, आणि जरा जरी संशय आला तर ती परत. आमच्या धंद्यातला एकही शब्द त्यांनी उच्चारला नाही. कॉकटेलला ते सरबत म्हणत. शेकर म्हणजे तांब्या. पाठीमागून झेलायच्या प्रकाराला आमच्या कॅसेटमध्ये फार झोकदार इंग्रजी नाव होतं. काकांनी त्याचं लेग बाय करून टाकलं. पुढे पबमध्येही रॉनी मला ओरडून सांगायचा, "लेग बाय, तांब्या घे," आणि गिऱ्हाइकांना वाटायचं हे काहीतरी परदेशी आहे.

सगळ्यात विचित्र अट जागेची. साइट चांगली मोठी होती. मधला भाग सपाट, गवताचा, पडलेली बाटली फुटणार नाही असा. पण काका आम्हाला तिथे उभंच राहू देत नसत. रस्त्याकडच्या कोपऱ्यात, जिथे कुणीतरी घर बांधायचं म्हणून दगड आणून टाकले होते आणि मग विचार बदलला होता, तिथे उभं करायचे. मी एकदोनदा गवतावर सरकलो तर लगेच हाक यायची, "पुणेकर, इकडे सरक की. उजेड इकडे बरा आहे." उजेड दोन्हीकडे सारखाच होता. पण दगडांत पडलेली बाटली फुटते, म्हणून आम्ही झेल जास्त जिवावर उदार होऊन घ्यायला लागलो. हीच त्यांची युक्ती असावी असं आम्ही धरून चाललो.

बाकी शिकवण एवढीच की कुणी सरळ फेकायचं नाही. कॅसेटमधले गोरे मोजूनमापून फेकायचे, तसं फेकलं की काकांचा चेहरा पडायचा. "सरळ काय कुणीपण फेकेल. वाकडं फेक की." विमान डोक्यावरून उतरायला लागलं की आम्ही कानांवर हात ठेवून थांबायचो, तर नेमकं तेव्हाच ते फेकायला लावत. आणि कुणी कुणावर डाफरायचं नाही. फेकणारा घाबरला की त्याचा हात आखडतो, आणि हात एकदा आखडला की परत सुटायला जन्म जातो, असं ते म्हणत. हे सांगताना त्यांच्या आवाजातली चेष्टेची लकेर कुठेतरी जायची. मी तेव्हा त्याचा फारसा विचार केला नाही.

आणि "ही म्हणते" हे एक होतंच. काकांची स्वतःची मतं फार थोडी असत. बाकीची सगळी काकूंची. "ही म्हणते, मंजू आज जेवून आलेला नाही." मंजू खरंच जेवून आलेला नसायचा. "ही म्हणते, त्या केसवाल्या मुलाला केस बांधायला सांगा." रॉनीचे केस खांद्यापर्यंत होते आणि त्याला ते जिवापेक्षा प्यारे होते, पण दुसऱ्या दिवशी तो गुपचूप रबर लावून आला. माझ्या वाट्याला एकच वाक्य यायचं, आणि रोज यायचं. "ही म्हणते, पुणेकराचा डावा हात आळशी आहे."

काकूंना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या खिडकीला जाळी होती आणि जाळीमागे अर्धा पडदा. आम्ही आपली एक काकू मनात तयार केली होती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, अंगाने भरदार, जाड भिंगांचा चष्मा, हातात छडी असेल तर नवल नाही. रॉनी तर त्यांना हायकमांड म्हणायचा. काका काकूंच्या धाकात आहेत याबद्दल आमचं एकमत होतं, कारण त्यांच्या घरी सकाळी निळ्या साडीतली एक कामवाली यायची, ती आत गेली की काका बाहेर येत, आणि ती परत जायला फाटकाशी आली की आमचा खेळ अर्धा टाकून घरी पळत. एकदा मंजूने बाटली उडवलेली असताना ती बाई फाटकाशी दिसली. काकांनी जाता जाता बाटली झेलली, माझ्याकडे फेकली आणि मागे न बघता रस्ता ओलांडला. घरी उशीर झाला तर यांना पोळी मिळत नसेल, असं आम्ही म्हणालो आणि खूप हसलो.

पण आम्ही बदलत होतो, हे मान्य करायला हवं. मंजूवर कुणी ओरडत नाही म्हटल्यावर मंजूचे हात मोकळे झाले. तो आता असं फेकायचा की बाटलीला स्वतःचं मन आहे असं वाटावं, आणि आम्ही ती गाठायचो. आमची भांडणं बंद पडली. पूर्वी काउंटरवर ग्लास फुटला की कुणामुळे फुटला यावर अर्धी संध्याकाळ जायची. आता जो जवळ असेल तो म्हणायचा, माझा होता तो. मालक आमच्याकडे संशयाने बघायला लागले. त्यांना वाटलं, आम्ही दुसरीकडे नोकरी बघितली.

स्पर्धेसाठी आम्ही काकांकरता पुढच्या रांगेतली खुर्ची मागून घेतली. ते म्हणाले, हिला विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी ते फाटकातूनच हात हलवत आले. "ही म्हणते, जा. ती बाई संध्याकाळी थांबायला तयार आहे." टोपी धुवायला टाकलीय म्हणाले. त्यांना एवढं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. दहा जणांनी दहा दिशांना काही फेकलं तरी सगळं गाठतील असे त्या दिवशी ते रस्ताभर हलके चालत होते.

स्पर्धा एका मोठ्या हॉटेलच्या हिरवळीवर होती. दिवे, धूर, कानठळ्या बसवणारं संगीत. बाकीचे संघ कातड्याची जाकिटं घालून आलेले. एका संघाने तर बाटलीच्या तोंडाला आग लावून ती फिरवली. आम्ही आपले पांढऱ्या शर्टात. पुढच्या रांगेत मालकांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती आणि तिच्यासमोर आम्ही आधीच सांगून ठेवलेला लिंबूसोडा. आमचं नाव पुकारेपर्यंत मी फाटकाकडे बघत होतो. काका आले नाहीत.

अर्धं गाणं ठीक गेलं. मग दिवे एकदम लखलखायला लागले आणि रॉनी गांगरला. त्याच्या हातातली बाटली माझ्याकडे यायची ती पाठीमागे, परीक्षकांच्या टेबलाकडे निघाली. एवढी वाकडी बाटली मंजूनेही कधी फेकली नव्हती. मी धावलो एवढंच मला आठवतं. डाव्या हातात काहीतरी गार, गोल येऊन बसलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. रॉनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. पूर्वीचा मी असतो तर नजरेनेच त्याला फाडून खाल्लं असतं. मी त्याला म्हणालो, "फेक की." हे दोन मराठी शब्द त्याला आता पाठ होते. तो हसला, आणि उरलेलं गाणं त्याने असं फेकलं की बस्स.

पहिला नंबर आगवाल्यांना गेला. त्यांच्या दोन बाटल्या पडल्या, पण आगीपुढे कुणाचं काय चालतं. आम्ही दुसरे आलो, आणि ज्यांच्या हातून काहीच पडलं नाही असा आमचा एकटाच संघ होता, हे परीक्षकांनी माइकवरून सांगितलं. मालकांनी तो लहानसा कप उलटसुलट करून पाहिला, विचार केला आणि म्हणाले, कप तो कप. काउंटर राहिला. चायनीजही आलं, पण पलीकडच्या भिंतीला. पुढची कितीतरी वर्षं आम्ही सोया सॉसच्या वासात जिन ओतली आणि रॉनी नाकाला रुमाल बांधून ती ओतायचा.

पण त्या संध्याकाळी आम्ही नीट खुश झालो नाही. लिंबूसोडा तसाच होता. मंजू म्हणाला, हुदली सारना हायकमांडने सोडलं नसेल. मला राग आला होता, आणि तो काकूंचाच जास्त आला होता. एक संध्याकाळ नवऱ्याला सोडायला काय हरकत होती?

सकाळी आम्ही तिघं कप घेऊन साइटवर गेलो. काका आले नाहीत, निळ्या साडीतली बाईही दिसली नाही. थोडा वेळ वाट पाहून मी समोरच्या घराची कडी वाजवली. काकांनी दार उघडलं. अंगात बनियन, खांद्यावर ओला टॉवेल, डोक्यावर टोपी नाही. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

"त्या बाईला ताप आलाय," ते म्हणाले. "कालपासून नाही आली. या की आत."

खोलीत खिडकीला लागून एक पलंग होता आणि पलंगावर उशांना टेकवून काकूंना बसवलेलं होतं. त्या मुख्याध्यापिका नव्हत्या, भरदार नव्हत्या. एवढीशी बाई. नुकतंच अंग पुसून, वेणी घालून दिलेली होती, आणि वेणी जराशी वाकडी झाली होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेला होता तसाच. डाव्या हाताशी एक वेताची टोपली, आणि तिच्यात लिंबं, लोकरीचा गुंडा, पायमोज्यांचे गोळे, साबणाची रिकामी डबी. मी खिडकीकडे पाहिलं. जाळीतून साइटवरचा एवढासाच तुकडा दिसत होता. दगडांचा कोपरा.

काकांनी स्टुलं पुढे केली आणि हात पुसत पुसत साध्या आवाजात सांगितलं, शेजाऱ्याला हवापाणी सांगावं तसं. ते निवृत्त झाले त्याच वर्षी काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताला काम द्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, पण त्या हात उचलेनात. काही करेनात. महिनेच्या महिने भिंतीकडे बघून पडून राहायच्या. एक दिवस काका पेज भरवत असताना त्यांनी संतापाने चमचा हिसकावला आणि भिरकावला. काकांनी तो सवयीने झेलला. आणि काकू हसल्या. झटका आल्यावर पहिल्यांदा. मग काकांनी चमचा परत त्यांच्या हातात दिला.

तेव्हापासून रोज चाललं होतं. काकूंचा हात कुठे सुटेल ते काकूंना ठरवता येत नसे. "एकदा सोडला मी झेल," काका म्हणाले. "आरशाला लागलं, आरसा फुटला. माझी चूक, मी वेगळ्याच विचारात होतो. तर हिला वाटलं हिचंच चुकलं. किती दिवस टोपलीला हात लावला नाही." त्यांनी टोपली काकूंच्या हाताशी सरकवली. "म्हणून मग बाहेर सराव ठेवतो. शेट्टी आहे, दूधवाला आहे. सगळे चांगले आहेत बिचारे."

मंजूने हातातला कप काकूंच्या पायाशी ठेवला आणि वाकून नमस्कार केला, आणि त्याला बघून आम्हीही केला. त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगायला मला अजूनही धड शब्द सापडत नाहीत. गल्लीभर ज्याला आम्ही चक्रम समजत होतो तो अख्ख्या गल्लीकडून एका बाईसाठी तयारी करून घेत होता.

एवढ्यात काकूंनी टोपलीतलं लिंबू उचललं. काका लगेच सावरून उभे राहिले, गुडघ्यात वाकले. पण काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या. काकांनी त्यांच्या नजरेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तुला फेकतीय ती," ते हळूच म्हणाले. "पुणेकर, सोडू नको रे."

मी स्टुलाच्या कडेवर सरकलो. काकूंचा हात थरथरत वर गेला, माझ्या रोखाने आला, आणि लिंबू निघालं ते पार उलट्या अंगाला, देवघराकडे. समईच्या वर ते आलेलं असताना मी स्टुलावरून पुढे झेपावलो आणि जमिनीवर पालथा पडलो. कोपर सोलवटलं. पण लिंबू डाव्या हातात होतं.

मी उठून बसलो आणि लिंबू वर धरून दाखवलं. काकूंचं अर्धं तोंड हसलं. त्या अर्ध्या हसण्यात, सांगतो, सगळं होतं.

काकांनी मोठा श्वास सोडला, टॉवेलने चेहरा पुसला आणि बायकोकडे बघून मला म्हणाले, "ही म्हणते, डावा हात अजून आळशीच आहे."

काकूंनी पलंगाच्या कडेवर डाव्या हाताने थाप मारली. मग आणखी एक मारली, जोरात. डोळे काकांवर रोखलेले.

"बरं, बरं," काका म्हणाले. "सुधारलाय म्हणते. पुष्कळ सुधारलाय."

मंजूने तेवढ्यात समई उचलून कोनाड्यात ठेवली आणि तो देवघरापाशी उभा राहिला. रॉनी केस बांधून कपाटाकडे सरकला. काका पलंगाच्या पायथ्याशी, मी दाराकडे. सगळ्यांनी आपापल्या जागा धरेपर्यंत काकूंनी टोपलीतून लोकरीचा गुंडा काढलेला होता, आणि आता तो कुणाला फेकायचा याचा त्या विचार करत होत्या.